खुर्चीपायी कोलंबोत कंपनी

बापूजी लांजेवारांनी थेट कोलंबोत कंपनी काढली ती एका खुर्चीपायी, हे वडशात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांगताना प्रत्येकजण आपल्या सोयीने सांगतो. शेजारच्या गुणाबाईंच्या तोंडून ऐकलं तर सगळं त्यांच्या सल्ल्याने झालेलं असतं आणि देवाजी मास्तरांच्या तोंडून ऐकलं तर बापूजी त्यात जवळजवळ नसतातच. म्हणून जसं घडलं तसं एकदा कुणीतरी सांगायला हवं.

साल चोपन्न, दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. बापूजी तेंदूपानाच्या एका मोठ्या सेठजींकडे चौदा वर्षं मुनीम होते. स्टेशनजवळच्या गोदामात एक चटई, चटईवर मांडी घालून बापूजी आणि त्यांच्यापुढे एक बैठी पेटी, असा तो चौदा वर्षांचा संसार. त्या वर्षी त्यांची पाठ दुखू लागली. तिला शेक दिला, लेप दिला, गुणाबाईंच्या सांगण्यावरून एका खांबाला घासूनही पाहिली. शेवटी बापूजींनी मनाचा हिय्या केला आणि सेठजींकडे एक खुर्ची मागितली. नवी नाही, कोपऱ्यात पडलेली, एक हात तुटलेली. तिच्यावर तेव्हा सेठजींची टोपी ठेवलेली असे.

सेठजी मनाने वाईट नव्हते. पण त्यांना विनोद करायची हौस होती, आणि ते विनोद फार वाईट असत.

“बापूजी, कुर्सी पर मालिक बैठता है. खुर्ची पायजे, तर आपली कंपनी काढा.”

एवढं बोलून ते हसले. सेठजी हसले म्हणून पाच हमालही हसले. त्यात लच्छू हमालही हसला, ज्याच्या सासऱ्याचे अर्ज बापूजींनी आठ वेळा फुकट लिहून दिले होते. बापूजींना सेठजींचं हसणं सोसलं, लच्छूचं सोसलं नाही. ते उठले, स्वतःचा टाक आणि छत्री घेतली आणि घरी चालते झाले. संध्याकाळपर्यंत बोलावणं येईल असा त्यांचा अंदाज होता. बोलावणं आलंही. लच्छूच घेऊन आला.

“सेठजीनं सांगतलं, चटई उचलली नाई. कवाही या.”

चटई उचलली नाही, म्हणजे हा जातो कुठे, असा त्याचा अर्थ. बापूजींच्या अंगाचा तिळपापड झाला. आत त्यांच्या पत्नी वच्छलाबाई वाट पाहतच होत्या.

“पाठ दुखते त मी शेकून देतो. नोकरी काऊन सोडली?”

“कंपनी काढून राह्यलो,” बापूजी म्हणाले. हे ते का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

“कुठी?”

आता वडशात म्हणावं तर सेठजी तिथेच, नागपूर म्हणावं तर तिथे ओळख नाही. बापूजींची नजर कोनाड्यातल्या पत्राकडे गेली. ते झिंगूचं होतं. झिंगू म्हणजे वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ. लढाईच्या वेळी पलटणीच्या सामानाबरोबर सिलोनला गेला, तो तिकडेच राहिला आणि कोलंबोच्या बंदराजवळ त्याने बिडीचं दुकान टाकलं. आपल्याकडच्या पानाची बिडी इथी हातोहात जाते, मधात दलाल नसते त काय बहार असती, हे वाक्य त्याच्या प्रत्येक पत्रात असे.

“कोलंबोले,” बापूजी म्हणाले.

हे उत्तर किती हुशारीचं होतं ते पुढे कळलं. कंपनीत सख्खा भाऊ असल्यामुळे वच्छलाबाईंना नाही म्हणता येईना. त्यांनी फक्त एक अट घातली. “वैशाखात पानं तोडाले लागतेत. त्याच्या आंधी सरकारी कागद आला त ठीक. नाई आला त मुकाट्यानं चटईवर जा.”

ही बातमी गुणाबाईंनी दोन भिंतींपलीकडून ऐकली आणि दुपारपर्यंत आळीत पोचवली. गुणाबाईंचं मत पडलं की लंका ही काही बऱ्या माणसाने जायची जागा नव्हे. देवाजी मास्तरांचं मत वेगळं होतं. मास्तरांनी मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तीन हिवाळे दिवाणाचं काम केलेलं, तेव्हापासून राज्यकारभाराच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. ते म्हणाले, “परकं राज्य आहे बापूजी. आधी नजराणा, मंग अर्ज.” नजराणा म्हणून काय पाठवावं यावर मास्तर आणि गुणाबाईंत तासभर चर्चा झाली. पोहे की लाखोळीची डाळ, इथपर्यंत येऊन ती थांबली.

झिंगूने तिकडून छापील अर्ज पाठवला. सोबत तिकडच्या कंपनी कायद्याचं एक पुस्तक पाठवलं. ते इतकं जाड होतं की वच्छलाबाईंनी ते लोणच्याच्या बरणीखाली पाट म्हणून ठेवलं.

पण कंपनीला आधी पान हवं. सरकारी जंगलाचा ठेका सेठजींकडे. उरली लोकांच्या मालकीच्या शेतांतली आणि बांधांवरची पानं. तशी सगळ्यात चांगली पानं होती कोसमटोल्याला. हे वडशाहून बारा मैलांवर, रानातलं गोंडांचं गाव. बापूजी सायकलवर निघाले. गावचा पाटील पोचू मोहाच्या झाडाखाली बसला होता. हळूहळू सगळं गाव जमलं आणि बापूजींनी खुर्चीपासून कोलंबोपर्यंत सगळी हकिगत सांगितली. लंकेचं नाव निघालं तेव्हा त्यांना वाटलं, इथेही आता गुणाबाई होणार.

पोचू म्हणाला, “लंका का? तिथचा राजा त आमच्यातलाच. तो जुन्या काळात गेला तिकडं. पान पाठवाले हरकत नाई.”

वडसा आणि तालुक्याच्या ब्रह्मपुरीत ज्या देशाला परदेश म्हणत होते, तो कोसमटोल्यात असा नात्यात निघाला. मग पोचूने विचारलं की कंपनी म्हणजे कोणाची. बापूजींनी सांगितलं की ज्यांची नावं कागदावर, त्यांची. पानं द्याल तर तुमचाही त्यात वाटा धरू, एकदोन नावं द्या.

“एकदोन काऊन?” म्हातारी सोमारी मागून बोलली. गावात पहिलं पान दरवर्षी तिच्या हातून तुटे, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. “पान त सारेच तोडतेत.”

बापूजी त्या दिवशी जरा भरात होते. चौदा वर्षांनी प्रथमच एवढी माणसं त्यांचं ऐकत होती आणि कोणी हसत नव्हतं. त्यांनी मोहाच्या झाडाखाली शब्द दिला की साऱ्यांची नावं घालू. दुसऱ्या दिवशी शाईचा गोळा घेऊन त्यांनी चौऱ्याहत्तर अंगठे घेतले. अर्जावर सहा सह्यांची जागा होती, म्हणून खाली तांदळाच्या खळीने कागद चिकटवत गेले. शेवटी अर्ज उघडला की दाराबाहेर जाई.

अर्ज भरताना त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. चौदा वर्षांच्या सवयीने त्यांनी कागदाच्या माथ्यावर आधी चांद्याच्या देवीचं नाव घातलं. श्री महाकाली प्रसन्न. अर्ज इंग्रजी म्हणून तेही इंग्रजी अक्षरांत, झोकात. छापणाऱ्याने माथ्यावर जागा सोडली नव्हती. तिथे एक रेघ होती, त्या रेघेवर ते बरोबर बसलं आणि बापूजींना समाधान वाटलं.

जानेवारीत कोलंबोच्या कचेरीचं पत्र आलं. ते मास्तरांनी ओसरीवर उभं राहून वाचलं. पहिले संचालक श्री. महाकाली प्रसन्न यांची सही राहून गेली आहे, तरी त्यांचं वय, धंदा, राष्ट्रीयत्व आणि राहण्याचा पूर्ण पत्ता ताबडतोब कळवावा, असं त्यात होतं.

अर्जाच्या माथ्यावरची ती रेघ पहिल्या संचालकाच्या नावाची होती.

“राहू द्या न जी,” गुणाबाई म्हणाल्या. “अशी भागीदार कोनाले भेटते?”

“पण सही कोण करेल?” मास्तरांनी कायद्याचा प्रश्न काढला. “आणि वय काय लिहाल?”

बापूजी ब्रह्मपुरीला तहसील कचेरीत गेले. वच्छलाबाईही निघाल्या, कारण हा माणूस देवीबद्दल सरकारात काय लिहून देईल याची त्यांना खात्री नव्हती. कचेरीसमोरच्या लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या अर्जनवीसाने खटाखट प्रतिज्ञापत्र ठोकलं. महाकाली प्रसन्न नावाची कोणीही व्यक्ती अस्तित्वात नाही. बापूजींनी टाक उचलला आणि त्यांचा हात थांबला.

“हे असं लिवान,” वच्छलाबाई म्हणाल्या, “त मी घरी येत नाई.”

बापूजींनाही ते लिहवत नव्हतं. सेठजींशी भांडण एक वेळ ठीक, पण सगळ्या चांदा जिल्ह्यावर जिचं छत्र, ती नाहीच म्हणून तहसीलदारासमोर शपथेवर सांगायचं म्हणजे फार झालं. अर्जनवीस अनुभवी होता. त्याने मिशीवरून बोट फिरवून नवा मजकूर ठोकला की सदर महाकाली प्रसन्न यांच्यावर अन्यत्र मोठा कार्यभार असल्याने त्यांना संचालकपद स्वीकारता येत नाही, तरी कंपनीला त्यांच्या शुभेच्छा आहेत. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. सही झाल्यावर दोघं तशीच छोट्या गाडीने चांद्याला गेली, देवीपुढे नारळ फोडला आणि बापूजींनी हात जोडून तो राजीनामा तिला वाचून दाखवला. तिची हरकत दिसली नाही.

इकडे सेठजींचा निरोप दर आठवड्याला येतच होता. चटई झटकून ठेवली आहे. चटईला ऊन दाखवलं. एकदा तर लच्छूने सांगितलं की चटईची एक काडी निघाली होती, ती सेठजींनी शिवून घेतली. बापूजी प्रत्येक वेळी “बरं” म्हणत आणि आत येऊन दोन लोटे पाणी पीत.

चैत्रात दुसरं पत्र आलं. देवीचा राजीनामा मंजूर झाला होता. पण खाली लिहिलं होतं की, अर्जासोबत आलेल्या अकरा फूट कागदावर चौऱ्याहत्तर काळे डाग आहेत, त्यांचा खुलासा व्हावा. ते अंगठे असल्यास, अशा खाजगी कंपनीत पन्नासांहून अधिक सभासद घेता येत नाहीत. तरी जादा नावं वगळून अर्ज पुन्हा करावा.

आता सल्ल्यांना ऊत आला. मास्तर म्हणाले, दोन कंपन्या काढा. गुणाबाई म्हणाल्या, म्हातारे गाळा, त्यांना काय कळते. बापूजींनी हिशेब केला तर झिंगू आणि ते स्वतः धरून सव्वीस माणसं जास्त होत होती. सव्वीस अंगठे पुसायचे. पानं तोडायचे दिवस आठवड्यावर आले होते. त्यांना रात्रंदिवस ती चटई दिसू लागली.

ते कोसमटोल्याला गेले. मोहाखाली पुन्हा सगळं गाव जमलं. बापूजींनी पत्र वाचलं, अर्थ सांगितला आणि खाली बघत म्हणाले, “पोचूभाऊ, सव्वीस नावं कमी करा लागतेत. कोनाची करू, तुमीच सांगा.”

कोणी चिडलं नाही, हे बापूजींना जास्त लागलं. पोचूने एक काडी मोडली, तिचे तुकडे केले, ते फेकून दिले.

“मुनीमजी, तुमी चौऱ्याहत्तर मोजले. आमी कवा मोजले? पान तोडाले सारं गाव जाते. पुडे बांधाले सारं गाव बसते. कोन्या पानावर कोनाचं नाव असते सांगा बरं? आमी एक आवो. काढाचं असन त सारंच काढा. ठेवाचं असन त सारंच ठेवा.”

बापूजी सायकल हातात धरून बारा मैल चालत आले. सायकल नीट होती, त्यांनाच बसावंसं वाटलं नाही. शब्द मोडावा तर तोंड दाखवायला जागा नाही, पाळावा तर कंपनी नाही. घरी आले तर वच्छलाबाईंनी बरणीखालचं ते जाड पुस्तक काढून समोर ठेवलं.

“परक्यायचा कायदा हाय म्हनता न? एकदा पूर्न वाचून त पाहा. नुसतं कचेरीचं आयकून काऊन हातपाय गाळता?”

चौथी इंग्रजीच्या बळावर बापूजी ते पुस्तक तीन दिवस वाचत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, जिथे लोणच्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता त्या पानावर, ते थांबले. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग बोट ठेवून मोठ्याने वाचलं. दोन किंवा अधिक इसम कंपनीचे शेअर एकत्रितपणे धारण करीत असतील, तर सभासदांची संख्या मोजताना ते सर्व मिळून एकच सभासद समजले जातील.

बापूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहिणाऱ्याने कोसमटोला पाहिला नव्हता, सोमारी पाहिली नव्हती आणि तरी जाड पुस्तकाच्या पोटात, समुद्रापलीकडे, पोचूचंच म्हणणं छापून ठेवलं होतं. ते तसेच अनवाणी पोस्टात गेले आणि तारेचा मजकूर लिहिला. आम्ही चौऱ्याहत्तर नाही. गाव एक आहे. कायदा पाहा. पत्र मागून येत आहे.

तारबाबूंनी तो तीनदा वाचला. “बापूजी, हे काही गुप्त भाषेतलं नाही ना? परदेशी तार आहे, मला जबाबदारी असते.” मग बापूजींना खिडकीशी उभं राहून पोचूपासून कायद्यापर्यंत सगळं सांगावं लागलं. मागे रांगेत सात माणसं होती. त्यांनीही ऐकलं आणि संध्याकाळी चहाच्या दुकानांत गाव एक आहे की नाही यावर जोरात वाद चालू होता.

पानं तोडायला सुरुवात झाली. कोसमटोल्यात सोमारीने पहिलं पान तोडलं. पुडे बांधून झाले, उन्हात पसरले गेले. पण सेठजींचा माणूस घ्यायला आला तेव्हा गावाने सांगितलं, कागदाची वाट पाहून राह्यलो. पहिला आठवडा गेला. कागद आला नाही. एका सकाळी वच्छलाबाईंनी अटीप्रमाणे धुतलेलं धोतर काढून ठेवलं. बापूजींनी आंघोळ केली, टाक आणि छत्री घेतली आणि गोदामाच्या रस्त्याला लागले. मान खाली होती. आळीतल्या एकेका दारातून लोक बघत होते, आणि ते बघतात हे बापूजींना न बघता दिसत होतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. तांदळाच्या पोत्यांची मालगाडी आडवी उभी होती, कधी हलेल त्याचा नेम नव्हता. बापूजी उभे राहिले. गाडीच्या पलीकडे गोदामाचं पत्र्याचं छत दिसत होतं. इतक्यात दोन डब्यांच्या फटीतून एक खाकी हात बाहेर आला. हातात लांब लिफाफा होता आणि हात हलत होता.

“बापूजी, लंकेचा हाय. मोठा हाय. सही पायजे.” तो पत्रू पोस्टमन होता.

“इकडे या ना जी.”

“कसा येऊ? गाडी उभी हाय न.”

नियमाने सही घेतल्याशिवाय लिफाफा देता येत नव्हता, आणि गाडीखालून जाणं दोघांच्याही वयाला शोभणारं नव्हतं. पाऊण तास ते दोघं मालगाडीच्या दोन बाजूंना उभे होते. पत्रू फटीतून सांगत होता, वर शिक्का आहे, तांबडी लाख आहे. बापूजींनी आयुष्यात एवढी लांब वाट कशाची पाहिली नव्हती. गाडी हलली तेव्हा ते पोरासारखे रुळावरून धावले. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कोसमटोला लीफ कंपनी, कोलंबो. सभासद तीन. झिंगू, बापूजी, आणि तिसऱ्या ओळीत सोमारी व इतर त्र्याहत्तर मिळून एक.

समोर गोदामाच्या दारात लच्छू उभा होता. बापूजी त्याच्याजवळ गेले.

“सेठजीले सांग, चटई उचला आता.”

लच्छू या वेळी हसला नाही. उलट आणखी एक अर्ज लिहून द्याल का, म्हणून त्याने विचारलं, आणि बापूजींनी दिला.

त्याच दुपारी ते वच्छलाबाईंना बैलबंडीत घालून कोसमटोल्याला पोचले. मागोमाग मास्तर आणि गुणाबाई आल्या, कारण आपापल्या सल्ल्याचं फळ त्यांना पाहायचं होतं. मोहाखाली एक वस्तू गोणपाटाने झाकून ठेवलेली होती. पोचूने गोणपाट ओढलं. गावच्या कोलू सुताराने मोडक्या बंडीच्या लाकडाची खुर्ची केली होती. खुर्चीची हकिगत गावाने दसऱ्यापासून लक्षात ठेवली होती. फक्त कोलूने जवळून खुर्ची कधी पाहिली नव्हती. कंपनीची खुर्ची म्हणजे कंपनी मावायला हवी, असा विचार करून त्याने बंडीची अख्खी रुंदी तशीच ठेवली होती. चार पाय, दोन हात, मागे टेकायला सुरेख पाठ आणि बसायला निदान चार माणसांची ऐसपैस जागा.

बापूजी मधोमध बसले. एका बाजूला पोचू बसला, दुसरीकडे सोमारी. सगळं गाव भोवती उभं राहून बघत होतं. बापूजींनी कागद वाचून दाखवला आणि तिसरी ओळ आली तेव्हा सोमारीने ती पुन्हा वाचायला लावली. पाच वेळा वाचून झाली तेव्हा धूळ उडवत सेठजींची जीप आली.

सेठजी उतरले. त्यांनी वाळत पडलेली पानं पाहिली, कागद हातात घेतला, लाखेच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. टोपी गोदामातल्या त्या खुर्चीवर राहिली असावी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण बसायला काही नव्हतं.

“बापूजी,” ते हळूच म्हणाले, “मैंने तो मजाक किया था.”

“माहीत आहे, सेठजी.” बापूजींच्या मनात सात महिन्यांत पाठ केलेली पुष्कळ उत्तरं होती. ती त्यांनी तशीच राहू दिली. ते पोचूकडे वळले. “पोचूभाऊ, जरा सरका.” मग सेठजींना म्हणाले, “बसा. जागा आहे.”

सेठजी बसले. खुर्ची करकरली, पण बंडीचं लाकूड होतं, तिला काही झालं नाही.

सोमारीने वाकून सेठजींना नीट न्याहाळलं आणि बापूजींच्या कानाशी लागून, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “बसू द्या. पन सेठजीचं नाव कागदावर नका घालू.”

बापूजींनी मान डोलावली आणि पाठ टेकली.